‘चार माणसे, ७२ तास’ : तयार आपत्कालीन बॅग घ्यावी का?

भूकंप, पूर, वादळ, आग किंवा नुसतीच दोन-तीन दिवस गेलेली वीज, कशासाठीही हाताशी असावी म्हणून आम्ही एक तयार आपत्कालीन बॅग मागवली. लाल रंग, पाठीवर घ्यायचे पट्टे, वर ठळक अक्षरांत ‘चार माणसे, ७२ तास’. आधी निकाल सांगते: पाचपैकी तीन गुण. बॅग घ्यायला हरकत नाही. पण ती आणली, कपाटावर टाकली आणि आता घराची सोय झाली असं समजलात तर न घेतलेली बरी. आतल्या निम्म्या वस्तू चांगल्या आहेत, काही कामाच्या नाहीत, एक मी मुद्दाम बाहेर काढली. आणि पाणी, रोजची औषधं, कागदपत्रं या ज्या तीन गोष्टींवाचून खरोखर अडतं, त्यांची भरती प्रत्येकाला घरातूनच करावी लागते.

वस्तू टेबलावर मांडून परीक्षण करण्यात अर्थ नव्हता. म्हणून एका शनिवारी संध्याकाळी आम्ही मेन स्विच खाली केला, नळ बंद केले, मोबाइल कपाटात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बॅगेत जे आहे त्यावर भागवायचं ठरवलं. घरात मी, नवरा, आठवीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे दुखतात, बारीक अक्षर दिसत नाही. असल्या बॅगा भरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा धडधाकट माणूस असतो. त्यामुळे या परीक्षणात सगळ्यात जास्त वजन मी सासूबाईंच्या मताला दिलं आहे.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण बॅगेवरचा दावा तिथेच कोसळतो. आत १२५ मिलीलीटरच्या २४ पिशव्या आहेत. म्हणजे एकूण ३ लीटर. चार माणसांत, तीन दिवसांत वाटले तर माणशी दिवसाला पाव लीटर, जेमतेम एक पेला. आपत्कालीन तयारीत पिणं आणि जुजबी स्वच्छता मिळून माणशी दिवसाला साधारण ४ लीटर धरतात. त्या हिशोबाने आम्हाला ४८ लीटर लागतील. मदतकार्यात जगभर वापरली जाणारी ‘स्फिअर’ मानकं तर सगळ्या गरजा धरून माणशी दिवसाला किमान १५ लीटर सांगतात. ४८ लीटर पाणी म्हणजे ४८ किलो वजन. ते कुठल्याच बॅगेत मावणार नाही, हे मला कळतं. पाणी कमी दिलं याबद्दल माझी तक्रार नाही. एवढंसं पाणी देऊन वर ‘७२ तास’ छापलं, याबद्दल आहे. वाचणारा त्यावर विसंबतो.

पिशव्यांची आणखी एक अडचण त्या रात्री दिसली. कोपऱ्याला फाडण्यासाठी बारीकशी खाच आहे. सासूबाईंनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा दाताने फाडलं, आणि निम्मं पाणी मांडीवर सांडलं. जिथे दिवसाचं पाणी एक पेला, तिथे अर्धी पिशवी सांडणं परवडत नाही. आता पिशव्यांच्या गठ्ठ्याला मी दोरीने एक छोटी कात्री बांधून ठेवली आहे.

घरातल्या साठ्यासाठी आम्ही झाकणाचे, खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारे प्लास्टिकचे कॅन वेगळे घेतले, आणि तेही ५ लीटरचे. २० लीटरचा कॅन भरला की घरात तो एकट्या नवऱ्याला उचलता येतो, आणि तो घरी असेलच असं नाही. कॅनवर भरल्याची तारीख लिहिली आहे. दर सहा महिन्यांनी पाणी बदलायचं, कॅन उन्हात ठेवायचे नाहीत आणि रॉकेल, कीटकनाशक यांच्या शेजारी तर मुळीच नाहीत. गीझरच्या टाकीतलं पाणीही अडीअडचणीला कामी येतं. मात्र ते काढण्याआधी गीझरची वीज बंद केलेली असली पाहिजे आणि पाणी निवलेलं असलं पाहिजे.

पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांची एक पट्टी बॅगेत आहे, आणि माझ्या मते ही सगळ्यात मोलाची वस्तू आहे. पिशव्यांच्या कितीतरी पट पाणी या पट्टीत होतं आणि तिला वजनच नाही. पण गोळी किती लीटरला घालायची, किती वेळ थांबायचं, हे पट्टीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मला हे दिवसाउजेडी वाचता येत नाही, तेव्हा अंधारात काय वाचणार?” बरोबर आहे त्यांचं. क्लोरीनच्या गोळ्यांना साधारण अर्धा तास द्यावा लागतो आणि गोळीच्या ताकदीप्रमाणे लीटर बदलतात, म्हणून आपल्या पट्टीवरचं प्रमाण वाचून जाड मार्करने पाकिटावर लिहून ठेवा. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, दुहेरी फडक्यातून गाळा, मग गोळी घाला. गाळ असला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं.

इंधन असेल तर उकळणं केव्हाही अधिक खात्रीचं. पाण्याला खळखळून उकळी आली की १ मिनिट तशीच ठेवायची, २००० मीटरपेक्षा उंच जागी ३ मिनिटं. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, उकळीत मात्र मरतात. आणि पुराच्या पाण्यात पेट्रोल, तेल किंवा कारखान्यातली रसायनं मिसळली असतील तर गोळी आणि उकळी दोन्हींचा उपयोग नाही, ते पाणी पिण्यासाठी घ्यायचंच नाही. हे बॅगेबरोबरच्या पुस्तिकेत असायलाच हवं होतं. पुस्तिकेत भूकंप म्हणजे काय यावर दोन पानं आहेत, पाण्यावर चार ओळी.

आता बॅगेतली सगळ्यात देखणी वस्तू: दांडा फिरवून चालणारा रेडिओ, त्यालाच टॉर्च, वर छोटं सौर पॅनल, मागे मोबाइल चार्ज करायची जागा. मिनिटभर दांडा फिरवला की टॉर्च लख्ख लागते, रेडिओही बोलू लागतो. एफएम आणि एएम दोन्ही लागतात हे फार बरं केलंय. मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास निघतात, मग गप्प होतात. रेडिओ केंद्र मात्र लांब, नुकसान न झालेल्या भागात असू शकतं. एएमच्या लहरी रात्री तर खूप दूरवरून येतात. आम्ही दोन केंद्रांचे आकडे कागदावर लिहून रेडिओच्या पाठीला चिकटवले, कारण अंधारात चकती फिरवत केंद्र शोधताना सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येतो.

मोबाइल चार्ज करण्याच्या दाव्यावर मात्र जाऊ नका. मुलगी मोठ्या ईर्ष्येने दांडा फिरवत बसली. फोनवर चार्जिंगची खूण आली, पण टक्का काही हलेना, आणि तिचं मनगट भरून आलं. यात रेडिओचा दोष नाही. हाताने फिरवून फार तर दोन-चार वॅट निघतात आणि फोनच्या बॅटरीत १५ ते २० वॅट-तास मावतात. भागाकार केला की कळतं. एखादा मेसेज जाण्यापुरता जीव फोनमध्ये येईल, तेवढीच अपेक्षा ठेवावी.

या रेडिओबद्दल एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. ब्रिटिश संशोधक ट्रेव्हर बेलिस यांनी १९९० च्या दशकात जो किल्लीचा रेडिओ केला, त्यात स्प्रिंग गुंडाळली जायची आणि ती उलगडताना वीज तयार व्हायची. आता मिळणाऱ्या बहुतेक रेडिओंत, आमच्याही, दांडा फिरवून आतली छोटी बॅटरी भरते. ती वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली तर मरते, आणि मग दांडा कितीही फिरवा, थांबवला की दिवा विझतो. म्हणून दर तीन महिन्यांनी तो बाहेर काढून पूर्ण चार्ज करायचा. सौर पॅनल आहे म्हणून आपोआप भरेल असं नाही. बॅग बंद असते, आत ऊन कुठलं?

चार माणसांत टॉर्च एक. आमच्या रात्रीत सगळ्यात जास्त खटके यावरूनच उडाले. एकजण बाथरूमला गेला की बाकी तिघं काळोखात. मी नंतर डोक्याला लावायच्या दोन टॉर्च घेतल्या. दोन्ही हात मोकळे राहतात, जखम बांधताना किंवा कुणाला जिन्यावरून उतरवताना ते महत्त्वाचं. त्यांचे सेल टॉर्चमध्ये न ठेवता शेजारी पाकिटात ठेवलेत, कारण साधे अल्कलाइन सेल पडून राहिले की गळतात आणि आतले पत्रे खातात. जोडीला एक पॉवर बँक ठेवली. ती घेताना हिशोब असा करा: १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, फोनला ५ व्होल्टने देताना आणि वाटेतली गळती धरता ६,००० ते ६,५०० च्या आसपास हाती लागतात. म्हणजे नेहमीचा स्मार्टफोन एकदा भरेल, दुसऱ्यांदा अर्धवट.

प्रथमोपचाराच्या डबीवर ‘१०० नग’ लिहिलंय. उघडून पाहिलं तर त्यातले बहुतेक नग म्हणजे बोटाला लावायच्या चिकटपट्ट्या आणि कापसाच्या काड्या. आपत्तीत माणसं काचेने कापतात, वर काहीतरी पडून ठेचतात, भाजतात. तिथे मोठा गॉझ, रुंद गुंडाळपट्टी आणि जोरात दाबून धरायला जाड पॅड लागतात. ते एकेकच आहेत. कात्री इतकी नाजूक की गुंडाळपट्टी कापताना ती पात्यांमध्ये दुमडून अडकते, कापली जातच नाही. आम्ही ती बदलून शिवणाची जुनी, धारदार कात्री टाकली. भाजल्यावर लावायचं मलम आहे, त्याची पहिली पायरी मात्र पुस्तिकेत नाही: भाजल्याबरोबर २० मिनिटं थंड, वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तेल नाही.

डबीत ओआरएसची पाकिटं आहेत, याबद्दल भरणाऱ्याला मनापासून धन्यवाद. पाणी बिघडलं की जुलाब ठरलेले, आणि लहान मूल किंवा म्हातारं माणूस त्यात फार पटकन खचतं. ही पाकिटं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, २०.५ ग्रॅमची आहेत. एक पाकीट बरोबर १ लीटर पाण्यात. पण सबंध बॅगेत १ लीटर मोजता येईल असं एकही भांडं नाही! पाणी कमी पडलं तर द्रावण जास्त खारट होऊन अपाय करतं, जास्त झालं तर गुण येत नाही. आम्ही लीटरची एक रिकामी बाटली पाकिटांना रबराने बांधून टाकली. एवढं साधं काम कारखान्यातच करता आलं असतं.

मी काढून टाकलेली वस्तू म्हणजे मेणबत्त्या आणि काडेपेटी. भूकंपानंतर गॅसची नळी सुटलेली असू शकते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो आणि उभ्या माणसाला वास उशिरा येतो. अशा खोलीत काडी ओढणं किंवा विजेचं बटण दाबणं, दोन्ही जिवावर बेतू शकतं. १९२३ च्या जपानमधल्या कांतो भूकंपात बहुतेक बळी भूकंपामागोमाग लागलेल्या आगींनी घेतले. ज्या बॅगेत टॉर्च आहे तिच्यात मेणबत्ती कशाला? घडीची छोटी शेगडी आणि इंधनाच्या वड्याही आहेत. त्या मी ठेवल्या, पण वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘फक्त उघड्यावर’. बंद खोलीत काहीही जळत राहिलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही.

चांदीसारखी चकचकणारी पांघरुणं चार आहेत. ती अंगाची उष्णता परत अंगाकडे पाठवतात, वाराही अडवतात, पण खाली गार फरशी असेल तर ऊब टिकत नाही, खाली काहीतरी अंथरावंच लागतं. फार चुरचुर वाजतात, मुलगी त्या आवाजाने झोपली नाही. शिट्टी उत्तम, आत मणी नसलेली, त्यामुळे ओली झाली तरी वाजते. ढिगाऱ्याखालून ओरडून घसा आणि दम दोन्ही जातात, शिट्टी त्यामानाने सोपी. तीन-तीन वेळा वाजवणं ही मदतीची जुनी, ओळखीची खूण. मात्र शिट्टी एकच आहे, माणशी एक हवी. मास्क, दोरी, चिकटपट्टीचं रीळ ठीक आहेत.

हातमोजे मात्र पातळ रबराचे दिलेत, ते मला मुळीच पटलेलं नाही. १९९५ च्या कोबे भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुसंख्य माणसांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. मदत पथक येईपर्यंत विटा आणि काचा आपल्यालाच बाजूला कराव्या लागतात. त्यासाठी चामड्याचे किंवा जाड कापडाचे मोजे हवेत. तसंच, प्रत्येकाच्या पलंगाखाली जुने बूट एका पिशवीत ठेवा. रात्री हादरा बसला की काचा जमिनीवर असतात आणि आपण अनवाणी.

खाण्यासाठी दाबलेल्या वड्या आहेत, पाच वर्षं टिकणाऱ्या. पीठ, चरबी आणि साखर. मुलीने आवडीने खाल्ली. सासूबाईंना ती देता येईना, आणि गोळी घेऊन उपाशी राहणं मधुमेहात धोक्याचं. त्यामुळे घरात जे कोरडं खाणं आपण एरवीही खातो, तेच थोडं जास्त आणायचं, जुनं आधी संपवायचं, नवं मागे ठेवायचं, ही पद्धत आम्ही धरली आहे. त्यात काही वाया जात नाही आणि तोंडाला ओळखीची चव राहते.

मग राहिलं ते, जे कुठलाच कारखाना भरून देऊ शकत नाही. सासूबाईंच्या गोळ्या आम्ही आठवडाभराच्या ठेवल्या आहेत. नवीन पट्टी आणली की ती बॅगेत जाते आणि बॅगेतली रोजच्या डब्यात येते, त्यामुळे मुदत संपण्याचा प्रश्न येत नाही. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, आणि औषधांची नावं व मात्रा मोठ्या अक्षरांत. त्यांचा जुना चष्मा. ओळखपत्रं, विमा, बँक आणि घराच्या कागदांच्या प्रती दुहेरी प्लास्टिकमध्ये. थोडी रोकड, सुट्टी. मोबाइल कपाटात गेल्यावर मुलीला एकाही नातेवाइकाचा नंबर पाठ नव्हता, म्हणून नंबर कागदावर. त्यात दुसऱ्या गावच्या एका नातेवाइकाचा नंबर सगळ्यात वर, कारण जवळचे फोन तुंबतात तेव्हा लांबचा लागू शकतो, आणि फोन लागत नसला तरी एसएमएस जातो. प्रत्येकाने त्यांनाच कळवायचं. घराबाहेर भेटायची जागाही ठरवून टाकली.

बॅगेबद्दल बोलायचं तर शिवण पक्की, झिप सहज फिरते, मागची चकाकणारी पट्टी टॉर्चच्या उजेडात लांबून दिसते. ‘वॉटरप्रूफ’ म्हटलंय ते खरं नाही. शॉवरखाली धरली तर झिपेतून पाणी आत गेलं, कापड मात्र कोरडं राहिलं. आतल्या वस्तू प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवाव्यात. भरलेली बॅग मला पेलते, मुलीला पेलत नाही. आम्ही तिचे दोन भाग केले: जड सामान लाल बॅगेत, आणि औषधं, कागद, शिट्टी, एक टॉर्च सासूबाईंच्या गळ्यातल्या छोट्या पिशवीत. दोन्ही मुख्य दरवाजापाशी खुंटीला. माळ्यावर ठेवलेली बॅग घाईत कुणी काढत नाही.

प्रत्येक वस्तूची मुदत वेगळी आहे आणि विक्रेत्याने तारखांची एकत्र यादी दिलेली नाही, ती स्वतः करून झाकणाच्या आत चिकटवा. जपानमध्ये १ सप्टेंबर, कांतो भूकंपाचा दिवस, आपत्ती निवारण दिन म्हणून पाळतात आणि लोक सराव करतात, साठा तपासतात. आम्ही मुलीचा वाढदिवस धरला आहे. तो कुणी विसरत नाही.

कुणी घ्यावी? घरात वेळ नाही, सुरुवातच होत नाही, अशांनी जरूर घ्यावी. बॅग समोर आली की पुढची कामं सुचतात. ज्यांच्याकडे टॉर्च, बँडेज, जुनी सॅक आधीच आहे त्यांनी सबंध संच घेऊ नये. हाच विक्रेता दांड्याचा रेडिओ आणि शुद्धीकरणाच्या गोळ्या सुट्या विकतो. तेवढंच घ्या, आणि उरलेले पैसे पाण्याच्या कॅनवर, जाड हातमोज्यांवर घाला.